लग्नाच्या फिल्ममधला हरवलेला आवाज

महाराष्ट्रात आता तालुक्याच्या गावातही ‘ट्रॅडिशनल’, ‘कॅन्डिड’, ‘सिनेमॅटिक’ आणि ड्रोन असे चार वेगळे दर सांगणारे स्टुडिओ आहेत. लग्नाचं शूटिंग हा अनेक तरुण मुलामुलींना पोट भरण्याचा आणि त्याचबरोबर काही कलात्मक करून दाखवण्याचा मार्ग वाटतो, आणि तो तसा आहेही. पदवी लागत नाही, शिफारस लागत नाही. एक बरा कॅमेरा आणि ओळखीतलं पहिलं लग्न मिळालं की सुरुवात होते. पण कार्यशाळांमधून आणि यूट्यूबवरच्या धड्यांमधून या मुलांना जे शिकवलं जातं ते जवळजवळ सगळं डोळ्यांचं असतं: गिम्बल धरून कसं चालायचं, पार्श्वभूमी कशी धूसर करायची, रंग कसे बसवायचे. ‘तुमची गोष्ट, तुमच्या पद्धतीनं’ असं वचन प्रत्येक जाहिरातीत असतं, तरीही दहा फिल्म ओळीनं पाहिल्या आणि नावं झाकली तर कोणती कुणाची हे घरच्यांखेरीज कुणाला सांगता येणार नाही. या एकसारखेपणाचं खापर कधी तरुणांच्या कल्पनाशक्तीवर फोडलं जातं, कधी ग्राहकांच्या अभिरुचीवर. मला कारण दुसरंच दिसतं. लग्नाच्या फिल्ममधून माणसांचा आवाज निघून गेला आहे, आणि आवाजाबरोबर माणूसही बराचसा गेला आहे. वैयक्तिक फिल्म करायची असेल तर या क्षेत्रात येणाऱ्यानं आधी ऐकायला शिकलं पाहिजे, हे या लेखाचं म्हणणं आहे.

आजच्या पाच मिनिटांच्या फिल्मचा क्रम बहुतेकांना पाठ आहे. ड्रोनवरून दिसणारं लॉन, हँगरला टांगलेला शालू, आरशासमोर कानात झुमका घालणारा हात, नवऱ्याच्या मनगटावर चढणारं घड्याळ, हळदीत हवेत थांबलेलं पाणी, फुलांच्या चादरीखालून येणारी नवरी, सावकाश पडणाऱ्या अक्षता, आणि या सगळ्यावर एक हिंदी गाणं. चित्रं सुंदर असतात, त्यामागची मेहनतही खरी असते. पण या पाच मिनिटांत कुणी एक वाक्य बोलत नाही. आई हसताना दिसते, ती कशाला हसली ते कळत नाही. नवऱ्याचा मित्र त्याच्या कानात काहीतरी सांगतो, आणि नेमकं तेच ऐकू येत नाही. गाणं सगळ्यांचं असतं, घड्याळ आणि झुमका बाजारात मिळणारे असतात. त्या घराचं असं जे काही होतं ते ध्वनीत होतं आणि संपादनात ते पुसलं गेलं.

हे कसं घडलं याचं उत्तर बऱ्याच अंशी यंत्रांच्या इतिहासात आहे. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली व्हीएचएस आणलं. आपल्याकडे १९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि पाठोपाठ व्हीसीआर घरात येऊ लागले, आणि त्या दशकात ‘लग्नाची कॅसेट’ ही गोष्ट रुजली. खांद्यावरचा जड कॅमेरा, शेजारी हॅलोजनचा दिवा उंच धरून उभा असलेला पोरगा, मागे लोंबणारी वायर, आणि पंगतीवरून सावकाश फिरणारा कॅमेरा पाहून घास हातात धरून थांबलेली माणसं. त्या कॅसेटमध्ये दोष पुष्कळ होते. ‘मिक्सिंग’मध्ये बदामाच्या आकारात चेहरे यायचे, मधल्या भागावर गाणी चिकटवलेली असायची, प्रकाश डोळ्यांवर मारलेला असायचा. पण कॅमेऱ्याचा माइक सतत उघडा होता. म्हणून मंगलाष्टका सबंध सापडतात, ‘अहो, अक्षता वाटल्या का सगळ्यांना?’ असं ओरडणारा मामा सापडतो, आहेर लिहून घेणाऱ्याचा आवाज सापडतो. आज घरोघरी त्या कॅसेटी शोधून डिजिटल करून घेतल्या जातात त्या चित्राच्या दर्जासाठी नाही. आजोबा कसे बोलायचे ते त्यातच उरलं आहे म्हणून.

मग २००८ साली कॅननचा ५डी मार्क २ आला आणि या धंद्याचं रूप पालटलं. फोटोसाठी बनवलेल्या या कॅमेऱ्यात मोठा सेन्सर होता आणि फुल एचडी चित्रीकरणाची सोय होती. सिनेमासारखी धूसर पार्श्वभूमी पहिल्यांदाच लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या आवाक्यात आली. पण तो सलग चित्रीकरण करायचा ते साधारण १२ मिनिटं. आवाजाची पातळी हातानं ठरवण्याची सोय त्यात सुरुवातीला नव्हती, ती २०१० साली सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून आली. हेडफोन लावायला जागा मिळाली ती २०१२च्या मार्क ३मध्ये. म्हणजे ज्या यंत्रानं लग्नाला ‘सिनेमॅटिक’ केलं, ते यंत्र ऐकण्याच्या बाबतीत जवळजवळ अपंग होतं. त्या काळच्या हुशार तंत्रज्ञांनी जे शक्य होतं ते केलं: छोटे छोटे शॉट घेतले, खराब आवाज काढून टाकला आणि वर संगीत घातलं. ती त्या वेळची अडचण होती. अडचण संपली, पण शैली तशीच राहिली, आणि नंतरच्या पिढीनं तीच या कलेची व्याख्या समजून उचलली. आज खिशात मावणारे वायरलेस माइक मिळतात, आवाज कितीही वर-खाली झाला तरी सावरून घेणारे ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर मिळतात. मुक्या फिल्मला तांत्रिक सबब उरलेली नाही.

नामवंतांच्या लग्नांनी या शैलीवर शिक्का मारला असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं २०१७चं इटलीतलं लग्न, त्यानंतरच्या वर्षी दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न, या दोन्हींचं चित्रीकरण विशाल पंजाबी यांच्या ‘द वेडिंग फिल्मर’ या संस्थेनं केलं आणि विराट-अनुष्काच्या लग्नाचे तुकडे देशभर फिरले. दीपिका-रणवीरची फिल्म मात्र लोकांसमोर आली ती २०२३ साली, ‘कॉफी विथ करण’च्या कार्यक्रमात, आणि तिच्यात घरच्यांचं बोलणं ऐकू येतं. तिचा प्राण त्या बोलण्यात आहे. अनुकरण करणाऱ्यांनी तलाव, फुलं आणि संथ गती उचलली. बोलणं उचललं नाही.

मराठी लग्नाच्या बाबतीत तर हे नुकसान जास्तच आहे, कारण हा सोहळा मुळातच तोंडी वाङ्मयाचा आहे. मंगलाष्टकांचंच पाहा. अनेक घरांत आजही मावशी, आत्या किंवा एखादे निवृत्त शिक्षक असलेले काका खास त्या लग्नासाठी अष्टकं रचतात. शार्दूलविक्रीडित वृत्तात अक्षरं कशीबशी बसवत त्यात दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं, कुलदैवत, मुलीचं शिक्षण, मुलाची नोकरी गुंफलेली असते. झेरॉक्स काढलेल्या कागदावरून चार बायका एका माइकभोवती उभ्या राहून ती म्हणतात आणि ‘शुभमंगल सावधान’ला सगळा मांडव त्यांच्यात मिसळतो. त्या कुटुंबानं त्या दिवसासाठी लिहिलेली याहून अस्सल पटकथा कुठला दिग्दर्शक आणून देणार? त्याखेरीज उखाणे आहेत, हळदीच्या आधी घाणा भरताना म्हणायची गाणी आहेत, विहिणींच्या पंगतीतली थट्टा आहे, पाठवणीच्या वेळची झाल आहे. रायगड-ठाण्याच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. लग्नाचे विधी तिच्या गळ्यातून पुढे सरकतात. लग्नानंतरच्या जागरण-गोंधळात रात्रभर कथा चालते. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात वधूवर एकमेकांशी पद्यातून बोलतात, बौद्ध पद्धतीच्या लग्नात त्रिशरण-पंचशील सगळे मिळून म्हणतात. यातलं काहीही मुकं करून दाखवलं की उरतात ती फक्त चांगले कपडे घातलेली माणसं.

ऐकण्याचं हे काम करायचं कसं, ते मुहूर्ताच्या दहा-बारा मिनिटांवरून समजून घेता येईल. हॉलच्या स्पीकरमधून येणारा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घुमतो, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून साऊंडवाल्याशी सकाळीच गोड बोलून त्याच्या मिक्सरमधून एक वायर आपल्या रेकॉर्डरला घ्यायची. एक छोटा माइक गुरुजींच्या उपरण्यावर, एक नवऱ्याच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला, मुंडावळ्या आणि हार घासणार नाहीत अशा जागी. नवरीच्या शालूवर माइक लावायचा हट्ट बहुधा सोडावा. दोघं इतकी जवळ उभी असतात की नवऱ्याच्या माइकवर तिचंही बोलणं येतं. आणि त्याच्या अंगावर माइक आहे हे दोघांनाही आधी सांगायचं, बंद कधी होणार तेही सांगायचं. एक कॅमेरा अंतरपाटाच्या रेषेत, कडेला ठेवायचा, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंचे चेहरे एकाच चौकटीत मिळतात. दुसरा लांबच्या लेन्सनं खालून, आईवडिलांवर. स्टेजवर चढून पाहुण्यांकडे पाठ करून उभं राहायची वेळ मग येत नाही, आणि सोहळा ज्यांच्यासाठी आहे त्यांना तो दिसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम आणि ५०मध्ये एक असा शटर ठेवला तर हॉलच्या दिव्यांचे पट्टे चित्रावर सरकत नाहीत. परदेशी धडे पाहून ३० आणि ६०चे आकडे लावणाऱ्यांची इथेच फसगत होते. कॅमेरे सुरू झाल्यावर एक टाळी वाजवून ठेवली की नंतर सगळे आवाज एका रेषेत आणणं सोपं जातं.

यंत्रापेक्षा कठीण आहे ती माणसांची ओळख. ती लग्नाच्या दिवशी होत नाही. केळवणाला किंवा साखरपुड्याला कॅमेरा न काढता जाऊन बसणं, अष्टकं कोण लिहितंय, मुलीला लहानपणी कुणी सांभाळलं, कुणाच्या नसण्याची आज सगळ्यांना आठवण येणार आहे हे समजून घेणं, ही फिल्मची खरी पूर्वतयारी. ती केलेली असेल तर गर्दीत लेन्स कुणाकडे वळवायची ते कळतं. नसेल तर ती सगळ्यात सुंदर दिसणाऱ्या करवलीकडे वळते. अमेरिकन माहितीपटकार डग ब्लॉक यांनी चरितार्थासाठी दोन दशकं लग्नांचं चित्रीकरण केलं आणि २०१४च्या ‘११२ वेडिंग्ज’ या माहितीपटात त्यातल्या काही जोडप्यांना पुन्हा गाठून संसाराबद्दल विचारलं. लग्नाच्या दिवसाची दृश्यं आणि कित्येक वर्षांनंतरचं बोलणं समोरासमोर आलं की लग्नाची फिल्म हा माहितीपटाचाच एक प्रकार आहे हे स्पष्ट होतं. मराठी माणसाला हे नवं नाही. आपल्याकडच्या अगदी पहिल्या चित्रीकरण करणाऱ्यांपैकी एक असलेल्या सावेदादांनी १८९९ साली मुंबईत कुस्ती चित्रित केली, १९०१ साली केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागत टिपलं. समोर घडतंय ते नीट टिपणं हीच आपल्याकडच्या कॅमेऱ्याची सुरुवात आहे. या क्षेत्रात येणाऱ्यानं दहा वेडिंग टीझर पाहण्याऐवजी दोन चांगले माहितीपट पाहावेत.

यावर पहिला आक्षेप व्यवसायाचा येतो: ग्राहकच सिनेमॅटिक मागतो, बुकिंग इन्स्टाग्रामवरच्या रील पाहून होतं, मग आवाजाच्या नादी लागून पोट कसं भरायचं? आक्षेप खोटा नाही. पण ग्राहक त्याला दाखवलं गेलेलंच मागतो. ज्या रीलमध्ये बाप मुलीला एक वाक्य बोलतो आणि ते ऐकू येतं, तिच्यावर बोट थांबतं. शिवाय बाजारात चांगली चित्रं देणारे आता इतके झाले आहेत की केवळ चित्राच्या जोरावर दर टिकवणं कठीण आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर रील तयार करून देणारेही आले आहेत. नवख्याला वेगळं ठरायला जी जागा मोकळी आहे ती हीच. दुसरा आक्षेप वेळेचा: लांब फिल्म कुणी बघत नाही. लग्नानंतरच्या महिन्यात बघत नाहीत, हे बरोबर. पण लग्नाच्या फिल्मचा खरा प्रेक्षक वीस वर्षांनंतरचा असतो, आणि त्याला पाच मिनिटं पुरत नाहीत. पाच मिनिटांची फिल्म करावीच; सोबत मंगलाष्टका, सप्तपदी, उखाणे आणि पाठवणी सलग, न कापता द्यावी. या सलग नोंदीचं संपादन फारसं नाही, म्हणून खर्चही फारसा नाही.

प्रत्येक पाहुण्याच्या हातात फोन आहे, मग वेगळी नोंद कशाला, असंही विचारलं जातं. फोनवर शंभर तुकडे होतात, पण शंभर फोनमध्ये शंभर जागी, आणि सगळ्यांत आवाज जवळच्या माणसाच्या गप्पांचा. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास अशी मर्यादा आली तेव्हा अमेरिकेतल्या, दुबईतल्या नातेवाइकांनी लग्नं थेट प्रक्षेपणात पाहिली. चित्र थोडं अडकलं तरी चालत होतं, मंगलाष्टका तुटल्या की लोक अस्वस्थ होत. सगळ्यात गंभीर आक्षेप खासगीपणाचा आहे. माणसं माइकसमोर मोकळी होतात आणि नको तेही नोंदलं जातं. मानपानावरून झालेली कुरबूर, जावयाबद्दल कुणी सहज टाकलेला शेरा, नवरीचं रडणं. याला उत्तर एकच: ऐकलेलं सगळं फिल्ममध्ये जात नाही, आणि जे जातं ते आधी दोघांना दाखवलं जातं. ही जबाबदारी पेलायची तयारी नसेल त्यानं दुसऱ्याच्या घरात माइक लावू नये.

कायदाही इथे अनेकांना वाटतं त्याहून जास्त बोलतो. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७नुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या फोटोचा आणि चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करवून घेणारा असतो. म्हणजे फिल्म त्या जोडप्याची. स्टुडिओच्या पानावर ती टाकायची तर करारात तसं लिहून घ्यावं, तोंडी ‘चालेल ना?’ पुरेसं नाही. लग्नसमारंभात गाणी वाजवायला याच कायद्याच्या कलम ५२मध्ये सूट आहे, पण ती वाजवण्यापुरती. तेच गाणं फिल्मवर चढवून ती इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथे आवाज बंद केला जातो किंवा फिल्मच उतरवली जाते. घरच्यांच्या आवाजावर उभी राहिलेली फिल्म या संकटातून आपोआप सुटते. सप्तपदीचं तर विशेष सांगितलं पाहिजे. हिंदू विवाह कायदा १९५५च्या कलम ७नुसार, ज्या विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानंही विधींशिवाय केवळ नोंदणी पुरेशी नाही असं बजावलं. आपल्या हॉलमध्ये नेमकी त्याच वेळी पंगत सुरू झालेली असते, शूटिंगवाले जेवायला गेलेले असतात, किंवा जोडप्याला फोटोसाठी लवकर उरका म्हणून घाई करत असतात. सप्तपदीची एकेक प्रतिज्ञा गुरुजींकडून मराठीत सांगून घ्यावी आणि ती स्पष्ट नोंदवावी. ज्या गोष्टीनं लग्न लागतं तीच फिल्ममध्ये नसावी, हे मला कधीच पटलेलं नाही.

बाकीच्या व्यावहारिक गोष्टी थोडक्यात. हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि चातुर्मास लागला की थंडावतो. अधिक महिना आला की आणखी खंड पडतो. तेव्हा वर्षाचं गणित सात-आठ महिन्यांच्या कमाईवर मांडावं. फोर-केमध्ये १०० मेगाबिटच्या दरानं एका तासाचे ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे आठ तास चालले तर हजार जीबीच्या वर. कार्ड रिकामं करण्याआधी तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर, हे न करणाऱ्यानं कुणाचं लग्न अंगावर घेऊ नये. ड्रोन नियम २०२१नुसार २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. हंगामाच्या रेट्यात अनेकजण संपादन बाहेर देतात. ज्यानं ते लग्न पाहिलं नाही, त्या माणसांची नावं ज्याला माहीत नाहीत, तो गाण्याचाच आधार घेणार. किमान आवाजाची निवड स्वतः करावी.

नव्यानं येणाऱ्याला माझं सांगणं इतकंच, की पहिल्या कमाईतून दुसरी लेन्स घेण्याआधी दोन वायरलेस माइक, एक रेकॉर्डर आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी फिल्मवाल्याला दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: आमच्या मंगलाष्टका आणि सप्तपदी आम्हाला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायला मिळतील ना? उत्तर ‘हो’ आलं तर ते करारात लिहून घ्यावं.